गुणवंतांच्या बाकावर

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (पाठ धरल्यामुळे सध्या फक्त कागदावर). तुझे गुडघे कसे आहेत? दाजींची नवी कवळी बसली का?

इकडे नवल घडलं. तुझ्या भाचीला आमच्या दुकानामागच्या कॉलेजाने चाळीस टक्के गुणवत्ता शिष्यवृत्ती दिली. पत्रात पूर्ण फी, तिच्यावर लाल रेघ आणि खाली कमी केलेला आकडा. वीस वर्षं मी चपलांच्या खोक्यांवर हेच करतोय, पण त्या क्षणी काही म्हणजे काही आठवलं नाही. ऊर भरून आला. नुसते मोजे घ्यायला आलेल्यालाही मी ते पत्र वाचायला लावलं. गंमत म्हणजे दहावीपासून पलंगाखाली दगड गोळा करणारी, भूगर्भशास्त्राशिवाय काही शिकणार नाही म्हणणारी पोरगीही म्हणाली, "इथेच जाते, बाबा. इथे मला निवडलंय." (इथे फक्त वाणिज्य आहे. भूगर्भशास्त्र तुमच्याकडच्या कॉलेजात. पण त्यांनी नुसता प्रवेश दिलाय, सवलत छदामाची नाही.)

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, नसत्या चौकश्या. कागदपत्रं द्यायला गेलो आणि बाकावरच्या प्रत्येक पालकाला विचारत सुटलो. शिंप्याच्या मुलाला चाळीस टक्के, दातांच्या डॉक्टरांच्या मुलीला चाळीस, आणि एका गृहस्थांच्या दोनदा नापास झालेल्या मुलाला 'जिद्दीबद्दल' पंचेचाळीस. शेवटी खिडकीतल्या कारकुनाला विचारलं, पूर्ण फी भरतं तरी कोण? तो बराच वेळ आठवत राहिला. म्हणाला, "मी लागल्यापासून तरी कोणी नाही." राग नाही आला, ताई, कुतूहलच वाटलं. सूट सगळ्यांनाच, तरी जो तो आपल्याच लेकराच्या हुशारीने फुगलेला, मी धरून. (सवलत वजा करूनही ही फी तुमच्याकडच्यापेक्षा जास्त आहे, हे आमच्यापैकी कुणी बघितलंच नव्हतं.)

आता पोरीला हे सांगू कसं? तिचं मन मोडेल. शिवाय खरं सांगतो, ती लांब गेली तर घर मला खायला उठेल.

तुझा,
धाकटा

ता. क. तुमची मागची खोली चार वर्षांसाठी मिळेल का? तू मुख्याध्यापिका होतीस, तुझं ती ऐकते. 'इकडेच ये' असं तूच लिही. सवलतीबद्दल अवाक्षर नको. तिकडची फी भरायला शनिवार शेवटचा दिवस आहे.

ता. क. २. शुद्धलेखन बघायला पत्र तिलाच दिलं (अक्कल माझीच). सगळ्यांना शिष्यवृत्ती मिळते, हे तिला मैत्रिणींकडून पहिल्याच दिवशी कळलं होतं म्हणे. मग हो का म्हणालीस, विचारलं. तर म्हणाली, "तुम्ही इतके खूश होतात, बाबा. नाही म्हणवेना." तुमच्याकडची पूर्ण फी उद्या भरतोय. खोलीचं कळव.