बाबांचा डिस्चार्ज पुढे कसा सरकला

तीर्थस्वरूप आत्यास,

भाच्याचा वाकून नमस्कार. वाकलोच आहे तर याच अवस्थेत माझं म्हणणं ऐकून घे, म्हणजे मला पुन्हा वाकायला नको. तुझ्या कंबरेचं दुखणं कसं आहे? आतोबांचा खोकला थांबला का, की अजून शेजारीपाजारी त्यावर घड्याळ लावतात? इकडे सगळे मजेत आहेत आणि बाबाही ठणठणीत आहेत. बाबांचं वेगळं लिहिलं, कारण त्यांनी दवाखान्यातून तुला फोन करून निरवानिरवीची भाषा केली, तू तासभर रडलीस, आणि मग मला फोन करून माझी जी खरडपट्टी काढलीस ती अजून कानात आहे. मी तेव्हा खुलासा करू लागलो होतो, पण तू फोन ठेवलास. कागदाचं तसं नाही, तो ठेवला तरी पुन्हा उचलून वाचता येतो. म्हणून हे पत्र.

तर बाबा जिन्यावरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं इथपर्यंत तुला ठाऊक आहे. ऑपरेशन छान झालं. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे इथेच ठेवू, चालायचा व्यायाम करून घेऊ, चोवीस तारखेला घरी न्या, पण पुढचे तीन महिने जिना चढायचा नाही. आता आपल्या घरी न्हाणीघर वरच्या मजल्यावर. तेव्हा असं ठरलं की जिन्याखालची अडगळीची खोली रिकामी करायची आणि तिथे न्हाणीघर करायचं, कमोड, धरायला भिंतीत दांडी, घसरणार नाही अशी फरशी, सगळं. हे कोण बघणार असा प्रश्न निघाला तेव्हा माझी बायको, म्हणजे तुझी सून, गप्प बसली, आई गप्प बसली, आणि मी 'मी' म्हणालो. (तुझ्या सुनेनं नंतर सांगितलं की ती हसू दाबत होती, म्हणून गप्प होती.)

मी 'मी' म्हणालो त्याला कारण होतं. त्याच महिन्यात ऑफिसनं मला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. (खरं तर साहेबांना जायचं होतं, पण तिथे जेवण घरून न्यायचं आहे असं त्यांना कळलं.) विषय होता स्प्रेडशीटमध्ये तक्ता काढून कामांचं वेळापत्रक कसं आखायचं. आत्या, फार देखणी गोष्ट आहे ती. प्रत्येक कामाला एक ओळ. कधी सुरू होणार ती तारीख, आणि किती दिवस चालणार तो आकडा. एवढं भरलं की प्रत्येक कामाची आडवी रंगीत पट्टी उमटते. गंमत म्हणजे दर ओळीत पट्ट्या दोन असतात, एक काम सुरू होईपर्यंतची आणि एक कामाची, आणि पहिलीचा रंग काढून टाकायचा असतो, म्हणजे दुसरी हवेत तरंगल्यासारखी दिसते. मी त्या रात्रीचं जेवण विसरलो होतो. एकूण सत्तेचाळीस ओळी झाल्या. 'अडगळ काढणे' पासून 'आरसा लावणे' पर्यंत आणि सगळ्यात शेवटी 'बाबा घरी'. प्रत्येक काम आधीचं संपलं की सुरू होईल असं सूत्र घातलं. छापून, चार कागद जोडून, मी तो तक्ता जिन्याच्या भिंतीवर चिकटवला आणि गवंडी, प्लंबर आणि सुतार यांना बोलावून सांगितलं की इथे सगळं लिहिलंय, मला फोन करायचा नाही, मी ऑफिसात असतो.

अडगळ काढायला मी एक दिवस धरला होता, चार लागले. आई एकेक वस्तू हातात घेऊन तिचा इतिहास सांगत होती, आणि इतिहास सांगून झाला की ती वस्तू टाकवत नाही. आता ते सगळं माझ्या खोलीत आहे आणि मी एका कुशीवर झोपतो. पण ते सोड.

पाचव्या दिवशी ऑफिसातून आलो तर न्हाणीघराला दार बसवलेलं. सुंदर दार, कडी-कोयंड्यासकट. आत गेलो तर नुसत्या विटांच्या भिंतीवर आरसा लावलेला, त्याखाली टॉवेलची दांडी, आणि जमीन उखणलेली. आरशात मी, आणि माझ्यामागे मातीचा ढीग. सुतार बाहेर हत्यारं आवरत होता. मी विचारलं, अहो, हे शेवटचं काम. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमच्याच कागदावर पहिलं आहे." मी जाऊन बघितलं. आत्या, त्या तक्त्याची एक खोड असते. आपण पहिल्या ओळीत लिहिलेलं काम तो सगळ्यात खाली काढतो आणि शेवटचं सगळ्यात वर. ते उलटं करायला एका ठिकाणी खूण करावी लागते, आणि ती दुसऱ्या दिवशी दुपारी शिकवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहाच्या रांगेत होतो. सगळ्यात वर 'बाबा घरी' होतं, ते आपल्याकडे नाही म्हणून सुतारानं सोडलं, आणि तिथून इमानेइतबारे खाली येत गेला.

प्लंबरचं वेगळंच झालं. पट्ट्यांच्या वर तारखा यायला हव्या होत्या, त्या जागी पाच-पाच आकडी संख्या आल्या होत्या. यंत्र तारखा मनातल्या मनात अशाच मोजतं म्हणे. मला त्या छापून झाल्यावर दिसल्या, पण चार कागद चिकटवून झाले होते. प्लंबरनं त्या नीट वाचल्या आणि तुझ्या सुनेला विचारलं की हे दिवस आहेत का. ती म्हणाली, असतील. पंचेचाळीस हजार दिवस हातात आहेत म्हटल्यावर त्यानं घाई केली नाही, हत्यारांची पिशवी जिन्याखाली ठेवली आणि मेहुण्याच्या लग्नाला आठ दिवस निघून गेला. आता प्लंबर नाही म्हणून गवंड्यानं दुसरीकडे काम धरलं. सुताराला तर मीच रागाच्या भरात सांगितलं होतं की तुमचं झालं, या आता.

आता मुख्य गोष्टीवर येतो. बाबांना हुरूप यावा म्हणून मी अशी सोय केली होती की रोज संध्याकाळी ताजा तक्ता त्यांच्या फोनवर जाईल. (त्यांच्याकडे पाठवलेला सुलटा होता, मी तोवर शिकलो होतो.) चौदा तारखेला दुपारी ऑफिसात बसून मी सगळ्यांचे खाडे प्रामाणिकपणे भरले. प्लंबरचे आठ दिवस, गवंड्याचे सहा, फरशीवर पाणी मारायचे दिवस राहिले होते तेही. भरल्याबरोबर सगळ्या पट्ट्या शहाण्या मुलांसारख्या एका ओळीत उजवीकडे सरकल्या. शेवटची ओळ 'बाबा घरी'. तिलाही मी सूत्र लावलेलं होतं. तीही सरकली, आणि चोवीस तारखेऐवजी पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेवर जाऊन थांबली. माझं तिकडे लक्ष नव्हतं. बाबांचं होतं.

बाबांनी नर्सला विचारलं, मला इथे इतके दिवस का ठेवणार. तिला काहीच माहीत नव्हतं, आणि तिला माहीत नाही याचा अर्थ बाबांनी असा काढला की फक्त जवळच्या माणसांना सांगितलंय. मग तुला फोन केला. मग आईला बोलावून घेतलं. आई गेली तर ते उशीला टेकून, दाढी करून, चष्मा पुसून बसले होते. म्हणाले, दार लोटून घे, एक गोष्ट मनावर आहे. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत तू मला मोहरीच्या रंगाचा स्वेटर विणलास, तो ऑफिसातून चोरीला गेला असं मी सांगितलं. चोरीला नाही गेला. मानेला टोचायचा, म्हणून मी आमच्या पहारेकऱ्याला देऊन टाकला. बेचाळीस वर्षं हे मनात घेऊन फिरतोय.

आईनं पाण्याचा पेला भरून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "माहीत आहे मला. त्याला पोटावर घट्ट होत होता, बटणं मीच सरकवून दिली."

आई सांगते की त्यानंतर बाबा नुसता तिचा हात धरून बसले. (हे तिनं मला नाही, तुझ्या सुनेला सांगितलं.) मग तिनं विचारलं, की आज हे सगळं का आठवलं. त्यांनी फोन दाखवला. आईनं शेवटची ओळ वाचली, तारीख वाचली, माझ्या नावानं जे म्हणायचं ते म्हणाली, आणि डॉक्टरांना बाबांसमोर आणून चोवीस तारीख त्यांच्या तोंडून वदवून घेतली. घरी येऊन चप्पलही न काढता तिनं भिंतीवरचे चारही कागद उतरवले, घडी केली आणि ओट्यावरच्या डब्यांखाली घातले. मला एक शब्द बोलली नाही. आत्या, तू निदान बोललीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तिघांनाही एकाच वेळी बोलावलं. (प्लंबरला लग्नातून. वधूपक्षाशी बोलून.) बोळात खुर्ची टाकून बसली, त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "यांना चोवीस तारखेला आंघोळ करायची आहे. कोण कोणासाठी थांबलंय ते आधी सांगा." तेव्हा कळलं की गवंडी प्लंबरसाठी थांबलाय, दार काढल्याशिवाय प्लंबरला पाइप आत नेता येत नाही, आणि दार काढणारा सुतार माझ्या माफीसाठी थांबलाय. मी तिथल्या तिथे मागितली. नऊ दिवस आई त्या खुर्चीवरून हलली नाही, आणि तेवीस तारखेला संध्याकाळी नळाला पाणी आलं. एकच उणं राहिलं. दार आधीच्या मापानं केलेलं, आणि फरशीनं जमीन वर आली, त्यामुळे ते परत बसेना. तूर्त पडदा आहे. चोवीस तारखेला बाबा घरी आले, दांडी धरून आत गेले आणि पाऊण तास आंघोळ केली. आम्ही सगळे बाहेर उभे राहून पाण्याचा आवाज ऐकत होतो. मला सांगायला लाज वाटते, पण माझे डोळे भरून आले होते. आई म्हणाली, सिमेंटची धूळ असेल.

तर असं आहे. बाबांना काहीही झालेलं नाही, माझ्यावरचा राग सोड, आतोबांना नमस्कार.

तुझा,
आता जमिनीवर आलेला भाचा

ता. क. १ : बाबांना दिवसभर पडून कंटाळा येतो, म्हणून मी त्यांना लॅपटॉप दिला. तीन दिवसांत त्यांनी तक्ते काढायला शिकून घेतलं. त्यांचा पहिल्या फटक्यात सुलटा येतो आणि तारखा तारखांसारख्या दिसतात.

ता. क. २ : आता घरात प्रत्येकाची ओळ आहे. मी उठायचं पाच चाळीसला. तुझ्या सुनेनं माहेरी फोनवर बोलायचं बारा मिनिटं. काल मी आंघोळीला चार मिनिटं जास्त घेतली तर माझी पट्टी लाल झाली. आईची ओळ नाही. घातली होती, तिनं नुसतं बघितलं, त्यांनी पुसली.

ता. क. ३ : हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते आता लिहितो. तुझं न्हाणीघर तळमजल्यावर आहे. बाबांना महिनाभर तुझ्याकडे बोलाव. माझं नाव सांगू नकोस, तुझ्याच मनात आलं असं दाखव.

ता. क. ४ : बोलावू नकोस, गरज नाही. आत्ताच बघितलं, तक्त्यात 'बहिणीकडे मुक्काम' अशी सहा आठवड्यांची हिरवी पट्टी आहे, एक तारखेपासून, आणि तिच्याखाली तुझ्या स्वयंपाकघराच्या अकरा ओळी आहेत. मी गुपचूप ती पट्टी आठ आठवड्यांची करायला गेलो, तर त्यांनी पासवर्ड घातलाय.