रानवाल्यांचा बॅलन्स

रविवार, ६ जुलै
मोहीम सुरू. टेबलावर बोटाएवढ्या सैनिकांची लढाई, पाच रविवार, एकच सलग गोष्ट. मेलेला सरदार पुढच्या रविवारीही मेलेलाच. नियम सगळे माझे. फौजा तीन. माझे धरणवाले, ऑफिसातल्या भूपेशचे गिरणीवाले, इराचे रानवाले. इरा माझी मुलगी, नववीत. ती आणि माझी बायको सुनंदा सध्या अंबरनाथला, सुनंदाच्या आईकडे. इथे बेलवलीत पाण्याचा प्रॉब्लेम आहे म्हणून. आठ महिने झाले.
इरा जिंकली. तिची सरदार विठा, हिरव्या लुगड्यातली. तिनेच रंगवलीय. फासे लागले, बाकी काही नाही.

बुधवार, ९ जुलै
फासे नाहीत. रानवाले झाडीत दडले की त्यांच्यावर नेम लागत नाही. बॅलन्स बिघडलाय. निम्मी झाडं काढली. माझ्यासाठी नाही, गेमसाठी.

रविवार, १३ जुलै
इराच जिंकली. भूपेश म्हणाला, शशी, पोरगी चांगली खेळते, एवढंच आहे. भूपेशला गेम डिझाइन कळत नाही.

शनिवार, १९ जुलै
नवीन नियम, क्रमांक चौदा. शत्रूचा सरदार नदीकाठी असेल तर धरणवाले धरणाचे दरवाजे उघडू शकतात. फासा नाही, थेट मृत्यू. गोष्टीच्या दृष्टीने फारच सुंदर.

रविवार, २० जुलै
विठा वाहून गेली. इराने नियम दोनदा वाचला. विचारलं, पप्पा, हा कधी लिहिलास? म्हटलं, डोक्यात आधीपासून होता. तिने उरलेले सैनिक डब्यात भरले. चांगलं स्पोर्टिंगली घेतलं. भूपेश चहा न घेताच गेला. त्याला घरी शहाडला लवकर पोचायचं असेल.

रविवार, २७ जुलै
कोणी नाही. भूपेश बिझी. सुनंदाचा फोन आला, इराला क्लास लावलाय. मी म्हटलं, रविवारीच? म्हणाली, तिनेच रविवारचा मागितला. अभ्यासू आहे. माझ्यावर गेली.

शुक्रवार, १ ऑगस्ट
नियम चौदा रद्द. विठा जिवंत. खालच्या अंगाला गावकऱ्यांना सापडली. तशी तीन पानी कथा लिहून इराला पाठवली. दोन निळ्या टिक्स आल्या. सावकाश वाचत असेल.

रविवार, ३ ऑगस्ट, दुपारी
इरा आली. शाळेच्या फॉर्मवर सही हवी होती. टेबल मांडूनच ठेवलं होतं. विठा मधोमध, झाडं सगळी परत. नवा बॅलन्स समजावून सांगितला, वीसेक मिनिटं. ती उभीच होती. शेवटी म्हणाली, पप्पा, तू जिंकलास ना, मग झालं. रागाने नाही. विठा घेऊन जा म्हटलं, तर म्हणाली, राहू दे इथेच. जेवलास का, विचारलं. हो म्हटलं. खाली सुनंदा रिक्षात थांबली होती. वर आली नाही.
गैरहजर फौज हरली असं धरलं तर मोहीम मी जिंकली. वहीत तसं लिहिलं. काही वाटलं नाही. भात लावला.
टेबल अजून तसंच आहे. आवर, असं कोणी म्हणालं नाही.