तयार पंख

३ फेब्रुवारी

चि. पिंगीस,
अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. दवाखाना अखेर सूनबाईच्या हवाली केला. दाढा आता ती उपटते आणि मी रिकामा. तुझी वहिनी म्हणते, रिकामा माणूस घरात नको. इतकी वर्षं क्लबची विमानं भाड्याने उडवली, आता स्वतःचं बांधावं म्हणतो. लहानसं, दोघांपुरतं.

किट दोन प्रकारची मिळतात. एकात नुसते पत्रे आणि सुटे भाग. सगळं आपण जोडायचं. दुसऱ्यात पंख आणि धड कारखान्यातच बरंचसं जोडून येतं. ते महाग पडतं, पण कितीतरी वर्षं वाचतात. माझं मन पहिल्याकडे ओढ घेतंय. आमच्या क्लबातल्या तात्यांनी, म्हणजे ते घड्याळजी, तसंच बांधलंय. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या ओळीवरून हात फिरवला तर बोटाला काही लागत नाही. ते पाहिल्यावर तयार पंख घेणं म्हणजे दुसऱ्याची कवळी तोंडात बसवल्यासारखं वाटतं.

तू रोज मोठ्या विमानांची दुरुस्ती करतेस आणि तो कारखाना तुझ्याच बाजूला आहे. एकदा नजरेखालून घाल आणि भीड न ठेवता कळव.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा दादा

२० फेब्रुवारी

ति. दादास,
शि. सा. न.

कवळीचं वाचून पोट धरून हसले. रजा काढून कारखान्यात जाऊन आले. खरं सांगते, खोट काढायच्या तयारीनेच गेले होते. तिथल्या फोरमनबाईंनी वरचा पत्रा लावण्याआधीचा एक पंख दाखवला. आरसा आणि टॉर्च घेऊन पार टोकापर्यंत पाहिलं. जिथे पुन्हा कधी कुणाची नजर जाणार नाही, तिथेही भोकांच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या, गंजू नये म्हणून रंग दिलेला. पंखातल्या इंधनाच्या टाकीत हवा भरून वरून साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा आला नाही. एका कोपऱ्यात रिव्हेट किंचित तिरका दिसला. मी ऐटीत बोट ठेवलं, तर बदलायची खूण बाईंनी आधीच करून ठेवलेली. मग मी मुकाट्याने चहा प्याले.

आणि तयार म्हणजे सगळं तयार नव्हे. शेपटी, इंजिन बसवणं, वायरिंग, काच, सगळं तुझ्याच गळ्यात आहे. निम्म्याहून जास्त काम स्वतः केल्याशिवाय घरी बांधलेलं विमान म्हणून नोंदच होत नाही. किट घेण्यासारखं आहे, दादा. फक्त तुला बांधायचंय की उडायचंय, ते तू ठरव. आगाऊपणा वाटला तर भेटीत कान धर.

वहिनीला नमस्कार. आहे तितका जीव माझ्यावर असू दे.
तुझी पिंगी

६ मार्च

चि. पिंगे,
अ. आ.

तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न तुझ्या दादाला लागला. तात्यांचं विमान सगळे कौतुकाने बघतात, पण ते कधी हवेत गेलेलंच नाही. ते पुरं होईतो तात्यांची नजर अधू झाली, डोळ्यांच्या डॉक्टरांनी उडायला मनाई केली. दुसऱ्या कुणाला ते उडवू देत नाहीत. ह्यांना हे ठाऊक होतं, पण त्या रिव्हेटपुढे दिसत नव्हतं.

शेवटी मीच ह्यांना तात्यांकडे नेलं. तात्या आपल्या विमानात बसून रेडिओ ऐकत होते. ह्यांनी विचारलं, मी तयार पंख घेतले तर तुम्हाला काय वाटेल. तात्यांनी काच पुसायला घेतली. मग म्हणाले, बांधण्यात मला फार सुख मिळालं, त्यातला एक दिवसही परत नको. पण डॉक्टर, आज सुरुवात करायची असती तर पंख तयार घेतले असते आणि उरलेला वेळ वर घालवला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी गॅरेजमधलं माझं शिलाई मशीन हलवायला सांगितलं. मशीन हलणार नाही, हे मी सांगून टाकलंय. पण तयार पंखांच्या किटची ऑर्डर गेली.

तब्येत सांभाळ, लिहीत जा.
तुझी वहिनी

१४ नोव्हेंबर

चि. पिंगीस,
अ. उ. आ.

किटची खोकी आली त्याला आता दुसरं वर्ष सरत आलं. तू रजेत येऊन इंजिन बसवून दिलंस, तात्यांनी वेग-उंची दाखवणारे समोरचे सगळे काटे लावले. एकट्याने करायच्या चाचण्या संपल्या आणि शेजारी माणूस बसवायची परवानगी मिळाली. पहिला मान अर्थातच तुझ्या वहिनीचा. ती म्हणाली, तात्यांना घेऊन जा, मी काय रोजचीच आहे.

वर गेल्यावर मी सुकाणूचा दांडा तात्यांच्या हाती दिला. लांबचं त्यांना धूसर दिसतं, पण हाताला विमान कळत होतं. वळण इतकं अलगद घेतलं की मी माझा हात मांडीवरच ठेवला. तुझ्या त्या फोरमनबाईंचे पंख जराही कुरकुरले नाहीत.

उतरल्यावर तात्या पंखाला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, डॉक्टर, माझंही बाहेर काढू या. आधी तुम्ही एकट्याने उडवा. सगळं ठीक निघालं की मी शेजारी बसेन.

सकाळपासून आम्ही दोघं त्याची धूळ काढतोय. तात्या हाका मारताहेत, म्हणून इथेच थांबतो. जमेल तेव्हा ये. आता न्यायला दोन विमानं असतील.

तुझा दादा