अस्वल खाण्याचा निश्चय

सोमवार, ८ सप्टेंबर १९८६. ईडन प्रेरी, मिनेसोटा.

आज लंचरूममध्ये अपमान झाला. नोंद करून ठेवतो.

डेल, माझा बॉस, दर डिसेंबरात घरी रानातल्या शिकारीचं जेवण देतो. हरीण, अस्वल, बीव्हर, कासव, जे वर्षभरात मारलं आणि फ्रीझरमध्ये साठवलं ते सगळं. आज त्यानं सगळ्यांना आमंत्रण दिलं. माझ्याकडे वळून म्हणाला की श्री, तुझ्यासाठी सॅलड ठेवू. अख्खी लंचरूम हसली. (तिघे हसले. पण लंचरूम लहान आहे.)

मला एकदम सगळं कळलं. मार्चमध्ये ग्रुप लीडची जागा माझ्या हातून का गेली? मी पंपांची डिझाइन्स त्या सगळ्यांपेक्षा चांगली करतो. पण या देशात प्रमोशन ड्रॉइंग बोर्डवर ठरत नाही, ताटात ठरतं. जानेवारीत पुन्हा एक जागा निघणार आहे. जेवण डिसेंबरात. हिशेब सरळ आहे.

मी उभा राहिलो आणि जाहीर केलं की टेबलावर जे असेल ते सगळं खाईन. अस्वलापासून सुरुवात करीन.

आजवरचा अनुभव: अंडं, १९७१ पासून नियमित. चिकन सूप दोनदा, एकदा ताप होता म्हणून. फिश स्टिक एक. म्हणजे पाया पक्का आहे.

मंगळवार, ९ सप्टेंबर

प्लॅन तयार. बारा आठवडे, बारा प्राणी. लहानापासून मोठ्याकडे. ऑफिसच्या ग्राफ पेपरवर चार्ट काढला. फार सुंदर आला.

शैलाला दाखवला. ती विरोध करील अशी अपेक्षा होती, उत्तरं तयार ठेवली होती. तिनं चार्ट वाचला आणि म्हणाली, करा, पण माझ्या भांड्यांत नाही आणि माझ्या किचनमध्ये नाही. मी म्हटलं, गॅरेजमध्ये करीन. ती म्हणाली, बरं. बायको इतकी लवकर कबूल झाली की माणसाचा उत्साह जरा कमी होतो.

आमच्या घराण्यात कोणीतरी पानिपतावर गेलं होतं. परतही आलं. रक्तात आहे ते.

रविवार, १४ सप्टेंबर

कुमारला फोन केला. कुमार ब्लूमिंग्टनला राहतो, मूळचा नागपूरचा, सावजी रश्श्यावर पोसलेला. दोन पायांचं, चार पायांचं, त्याला काही वर्ज्य नाही. त्याला प्लॅन सांगितला तर तो इतका वेळ हसला की मी मध्ये पाणी पिऊन आलो. मग संध्याकाळच्या आत एक ससा घेऊन आला. सोललेला, गोठवलेला, प्लास्टिकमध्ये.

गॅरेजच्या फ्रीझरमध्ये ठेवताना सुचित्रानं पाहिलं. वय दहा. हे काय म्हणून विचारलं. मी खरं सांगितलं, मुलांशी खोटं बोलू नये. ती आत गेली. नंतर शैलाकडून कळलं की त्यांच्या वर्गात एक ससा पाळलाय, त्याचं नाव बटन्स, आणि या आठवड्यात त्याला गाजर द्यायची पाळी आमच्या मुलीची आहे.

ससा पुढे ढकलला. माणुसकी म्हणून. भीती वगैरे काही नाही.

शनिवार, २० सप्टेंबर

पितृपंधरवडा लागला. माझा या गोष्टींवर विश्वास नाही हे सर्वांना माहीत आहे. पण वडिलांचा होता. दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान राखणं हा आधुनिक दृष्टिकोन आहे. पंधरा दिवस ब्रेक.

रविवार, ५ ऑक्टोबर

नवरात्र. वर लिहिलेलं आईलाही लागू.

सोमवार, १३ ऑक्टोबर

आता काही अडवणारं उरलेलं नाही. कॅलेंडर दोनदा तपासलं.

शनिवार, १८ ऑक्टोबर. दुपारी ३.

अभियान सुरू! ऑफिसातल्या एकानं हरणाचं सॉसेज दिलं होतं. गॅरेजमध्ये कॅम्पिंगच्या स्टोव्हवर तळलं. दोन तुकडे खाल्ले.

नोंद अचूक असावी म्हणून: दीड. अर्धा हातातून पडला आणि शेजारच्यांच्या कुत्र्यानं उचलला. त्याच्याशी हुज्जत घालणं मला शोभलं नसतं. उरलेलं सॉसेजही मग त्यालाच दिलं. शेजारधर्म.

चव: उग्र. पण मी तिच्यावर मात केली.

शनिवार, १८ ऑक्टोबर. संध्याकाळी ६.

तिनं माझ्यावर केली.

रविवार, २६ ऑक्टोबर

चूक सापडली. या लोकांना मसाला कळत नाही. मांस वाईट नसतं, नुसती मीठ-मिरी वाईट असते. शैलाचा गोडा मसाला, कांदा, सुकं खोबरं, सगळं भाजून वाटण केलं. ससा बाहेर काढला. सुचित्रा मैत्रिणीकडे गेली होती तेवढ्यात.

वास असा सुटला की शैला स्वतः गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही, पण उभी राहिली. मी तीन पोळ्या खाल्ल्या. अप्रतिम.

कुमार पाच वाजता आला, त्यानं भांड्यात पाहिलं आणि विचारलं की ससा आहे तसा आहे, तू खाल्लंस काय? मी सांगितलं की अर्क रश्श्यातच उतरतो. तो मान हलवत राहिला. मग तिथेच उभ्या उभ्या अख्खा ससा संपवून गेला. म्हणाला, यार, हात चांगला आहे तुझा.

चार्टवर सशापुढे टिक केली. पेन्सिलीनं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज हरणांच्या शिकारीचा सीझन उघडला. डेलनं दुपारी फोन केला, पहाटेच एक मिळालंय, बघायला येतोस का? ही परीक्षा आहे हे मी ओळखलं. लगेच निघालो.

डेलच्या गॅरेजमध्ये ते तुळईला टांगलेलं होतं. मी जवळ जाऊन दोन तांत्रिक प्रश्न विचारले. पुलीची कपॅसिटी वगैरे. मग डेलनं सुरी घेतली, आणि मी खाली बसायचं ठरवलं.

निर्णय माझाच होता. जरा घाईनं अमलात आला, इतकंच. जमीन काँक्रीटची आहे. डोळे उघडले तेव्हा अंगावर डेलचा कोट होता आणि त्याची बायको मार्ज संत्र्याचा रस घेऊन वाकलेली होती. डेल म्हणाला, श्री, यातलं काही खा असं तुला कोणी सांगितलेलं नाही. फार हळू आवाजात म्हणाला.

याला म्हणतात डिवचणं. मी रस पिता पिता त्याला सांगितलं, आता तर नक्कीच खाणार.

सोमवार, २४ नोव्हेंबर

प्रत्यक्ष खाण्यापेक्षा आधी मनाची तयारी महत्त्वाची, असं आता माझं मत झालंय. लायब्ररीतून चार पुस्तकं आणली. लंचरूममध्ये सर्वांना सांगितलं की पूर्वी उपासाच्या दिवसांत बीव्हर चालत असे, कारण तो पाण्यात राहतो म्हणून चर्चनं त्याला मासा ठरवला होता. आपल्याकडच्या पळवाटा यापुढे काहीच नाहीत. अस्वल नीट शिजवलं नाही तर काय काय होतं तेही सविस्तर सांगितलं. दोघांनी सँडविच अर्धवट टाकलं. विषयावर माझी पकड बसली आहे हे दिसत होतं.

बारा प्राण्यांपैकी टिक: दोन. एक पेन्सिलीनं. पण शेवटच्या दिवशी सगळे एकाच टेबलावर असणार आहेत, तेव्हा वेगवेगळे खाण्यात वेळ घालवण्यात अर्थ नव्हता, हे मला आधीच सुचायला हवं होतं.

बुधवार, ३ डिसेंबर

घरी आलो तेव्हा शैला फोनवर इंग्रजीत बोलत होती. मला पाहून फोन ठेवला. शाळेचं काहीतरी असेल.

जेवताना सुचित्रानं विचारलं की बाबा, तुम्ही बेअर खाल्लं नाही तर तुमचा जॉब जाईल का? मी हसलो. जॉब जाणार नाही, पण आपला मान जाईल, असं तिला समजावलं. मुलांना अशा वेळी मूल्यं शिकवावीत. बेअर किती खावं लागतं, एवढंच तिनं विचारलं. मुद्दा पोचला असावा.

शनिवार, ६ डिसेंबर. सकाळी १०.

बाहेर बर्फ. मन शांत. दोनदा बाथरूमला जाऊन आलो, तो थंडीचा परिणाम. साडेअकराला तिघे निघतोय. आज इतिहास घडेल.

रविवार, ७ डिसेंबर

सगळं क्रमानं लिहितो.

पस्तीस-चाळीस माणसं होती. डेलच्या बेसमेंटमध्ये लांब टेबल, त्यावर एकाशेजारी एक विजेची भांडी, प्रत्येकासमोर कार्ड. हरीण. अस्वल. बीव्हर. कासव. वास सगळ्यांचा मिळून एकच येत होता. मी प्लेट घेतली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो की अस्वलापासून.

मार्ज लगबगीनं पुढे आली. तिनं माझ्या हातातून प्लेट घेतली, टेबलाच्या टोकाला गेली आणि स्वतः वाढून आणून दिली. गडद तपकिरी, दाट. सगळे माझ्याकडे वळले. मी डोळे मिटले, पानिपतावरच्या त्या पूर्वजाला आठवलं आणि पहिला घास घेतला.

आणि काय सांगू. ते चांगलं होतं! मातीचा, पावसाळी रानाचा वास. जरा चिवट, मग दाताखाली मऊ. मी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. प्लेट संपवली. पुन्हा मागितलं. पुन्हा मागितलं. तिसऱ्या प्लेटनंतर उभा राहून छोटंसं भाषण केलं. म्हटलं, अस्वलाच्या मांसात एक प्रकारचा रानटी प्रामाणिकपणा आहे, तो दाताला जाणवतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डेलनं मिठी मारली. एक गृहस्थ डोळे पुसत होते. मला वाटलं, भारावले.

सुचित्रा कोपऱ्यातल्या खुर्चीवर वाटी घेऊन बसली होती. अगदी ताठ बसून, प्रत्येक घासाबरोबर पाणी पीत खात होती. काय खातेयस विचारलं तर बेअर म्हणाली. मी आजूबाजूच्या चार जणांना सांगितलं की मुलगी माझ्यावर गेली आहे.

गाडी हायवेला लागली. मग शैलानं सांगितलं. बुधवारी फोनवर मार्ज होती. मी तिच्या गॅरेजमध्ये पडल्यापासून तिला काळजी लागली होती. त्या दोघींनी मिळून ठरवलं होतं. माझ्या प्लेटमध्ये मश्रूम आणि वाइल्ड राइस होता, इथल्या तळ्यांत उगवतो तो काळा तांदूळ. मार्जनं आदल्या दिवसापासून भिजवून ठेवला होता. बेसमेंटमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

मी म्हटलं, नावात वाइल्ड तर आहे.

कोणी हसलं नाही. मी पुढे बोलणार होतो, मुद्दे होते माझ्याकडे. तेवढ्यात मागच्या सीटवरून सुचित्रा बोलली.

“पण बेअर मी खाल्लं ना, बाबा. टू बोल्स. आय टोल्ड डेल इट काउंट्स फॉर यू.”

डेल काय म्हणाला, हे शैलानं विचारलं. सुचित्रा म्हणाली, त्यानं शेक हँड केला आणि म्हणाला, डील.

घरापर्यंत मी गाडी चालवत होतो म्हणून बरं. समोर बघायचं असतं.

सोमवार, ८ डिसेंबर

सकाळी सरळ डेलच्या ऑफिसात गेलो. सांगितलं की मला सगळं कळलंय, की माझी फसवणूक झाली, की मला आत्ता अस्वल आणून दिलं तर आत्ता खाईन, आणि जानेवारीच्या जागेसाठी माझ्या मुलीच्या वाट्या मोजू नयेत, माझं काम मोजावं. चांगलं बोललो. आवाज जरा चढला होता.

डेलनं दार लावलं. म्हणाला की कोणती जागा? मग त्याला आठवलं. ती जागा ऑगस्टमध्येच भरली गेली आहे. विस्कॉन्सिनच्या प्लँटमधून माणूस येतोय, त्याचा या प्रकारच्या पंपांवर पंधरा वर्षांचा अनुभव. घोषणा फक्त राहिली होती. ऑगस्टमध्ये. म्हणजे सॅलडच्याही आधी.

मी एवढंच विचारलं की तो शिकार करतो का?

डेल म्हणाला, छे, त्याला अल्सर आहे. गेली चार वर्षं दूध आणि ओटमीलवर आहे.

दुपारी त्या माणसासाठी मांडायचं टेबल माझ्या शेजारी आणून ठेवलं.

घरी आल्यावर चार्ट भिंतीवरून काढला. सुचित्राला जवळ बसवून सांगितलं की बाबाच्या कामासाठी तिनं काही खाण्याची गरज नव्हती, आणि यापुढेही नाही. चूक माझी होती, असं म्हणणार होतो. म्हटलंही बहुतेक. तिनं विचार केला आणि म्हणाली की ओके. मग म्हणाली की पहिली वाटी यक्की होती, पण दुसरी आवडली म्हणून घेतली. पुन्हा कधी मिळेल?

कुमारला फोन केलाय. अस्वल तो आणतो म्हणाला. वाटण मी करीन, शिजवीनही मीच. फक्त गॅरेजचं मोठं दार पूर्ण उघडं ठेवून, आणि जमलंच तर बाहेर उभं राहून. उणे दहा आहे. कोट आहे माझ्याकडे.