वरच्या दोन खोल्या आणि पोचा आलेले बेडपॅन

मंगळवार, दिनांक ३ नोव्हेंबर १९९८ रोजी सकाळी माझी बुद्धी शाबूत होती. डॉ. बिंदुमाधव पायगुडे यांनी ती तपासून तसे सांगितले आहे. त्यांनी मला आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले, ते मी म्हटले. पंतप्रधान कोण, असे विचारले. कालच्या बातम्यांपर्यंत कोण होते ते मी सांगितले, आजची हमी घेतली नाही. यावर डॉक्टर म्हणाले, "बुद्धी आमच्यापेक्षा बरी आहे तुमची, शरदिनीताई. हृदयाचं मात्र मी काही लिहून देणार नाही."

तेव्हा मी, ले. कर्नल शरदिनी वासुदेव गर्दे, लष्करी परिचर्या सेवेतून निवृत्त, वय चौसष्ट, अविवाहित, राहणार दूधविनायक, वाराणसी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दडपण आणण्याचा प्रयत्न माझे धाकटे बंधू रत्नाकर यांनी गेला आठवडाभर केला, तो निष्फळ ठरला, हेही नमूद करते. वॉर्डात पाळी बदलताना द्यायच्या अहवालासारखे लिहायची मला सवय आहे: पेशंट आत्ता कसा आहे, कोणी पाहिले, काय दिले, पुढे काय अपेक्षित आहे. त्या शिस्तीबाहेर काही गेल्यास वारसांनी समजून घ्यावे.

मृत्युपत्र आजच का, ते सांगते. उद्या अकरा वाजता संसदेची एक समिती इथल्या छावणीत येत आहे. सैन्यदलांत स्त्रियांना आणि निरनिराळ्या समाजांतल्या माणसांना कसे वागवले जाते, आणि वरिष्ठाने हाताखालच्या बाईशी गैरवर्तन केले तर पुढे काय होते, हे ती ऐकून घेणार आहे. हा अभ्यासदौरा नेमका कार्तिकी पौर्णिमेला काशीत पडला, हा योगायोग मानायला मी तयार आहे. कार्यक्रम असा: पहाटे गंगास्नान, मग विश्वनाथाचे दर्शन, मग नाश्ता, मग आम्ही, मग भोजन, आणि संध्याकाळी नावेतून देवदिवाळी.

"ताई, तुझं हृदय हे असलं," रत्नाकर म्हणाला. "तिथं बोलता बोलता काही झालं म्हणजे?"

"म्हणजे संसदेच्या कागदपत्रांत नोंद होईल."

"आणि मागचं सगळं?" इतके बोलून तो वरच्या मजल्याकडे पाहत राहिला. म्हणून मी कागद मागवला.

१. घर. दूधविनायकाच्या घराचा खालचा मजला रत्नाकरचा आहे व तसाच राहील. वरच्या दोन खोल्या व गच्ची माझ्या कमाईतून बांधलेली, माझ्या नावावर आहे. ती मी माझी भाची मालविका, म्हणजे रत्नाकर व सुनीती यांची एकुलती एक मुलगी, हिला देत आहे.

मालविका सैन्याच्या रसद विभागात कॅप्टन आहे. तिचे एक वरिष्ठ तिला संध्याकाळी फायली घेऊन घरी बोलवत, आणि घरी गेल्यावर फायली उघडत नसत. तिसऱ्यांदा बोलावणे आले तेव्हा तिने लेखी तक्रार केली. त्यानंतर तिला समजावण्यात आले की तिचा नोकरीच्या मुदतवाढीचा अर्ज आणि ही तक्रार एकाच टेबलावर आहेत, आणि टेबल लहान आहे. गेल्या रविवारी तिचा फोन आला तेव्हा रत्नाकर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तक्रार मागे घे, बाळ. नोकरी गेली तर राहशील कुठे?"

या प्रश्नाचे उत्तर म्हणून हे कलम आहे. ती वर राहील. तक्रार ठेवली तरी, मागे घेतली तरी, लग्न केले तरी, न केले तरी. या देणगीला अट नाही. तिला कोणी राहायला जागा नाही म्हणून भिववू नये, एवढाच या देणगीचा हेतू. रत्नाकरने जिन्याच्या दाराला कुलूप घालू नये. जिना सामाईक आहे.

२. बेडपॅन. पलंगाखालच्या लोखंडी ट्रंकेत एनॅमलचे एक बेडपॅन आहे. त्याला पोचा आहे. ते भंगारात देऊ नये.

एकोणीसशे एकोणसत्तर साली मी एका लष्करी रुग्णालयात कॅप्टन होते. तिथल्या एका मोठ्या साहेबांनी चादरींच्या कोठीत दार लावून माझ्या कमरेला हात घातला. त्यांचे नाव मी उद्या समितीला सांगीन. मृत्युपत्रात त्यांना जागा देणार नाही. माझ्या हातात हे बेडपॅन होते. दुर्दैवाने ते रिकामे होते. ते मी त्यांच्या मनगटावर मारले. मनगट सुजले, बेडपॅनला पोचा आला.

चौकशी झाली. बेडपॅनची. सरकारी वस्तूला पोचा कसा आला, कोणाच्या निष्काळजीपणाने आला, यावर तीन अधिकारी बसले. त्यांतल्या एकाने चारचौघांत उच्चारता येईल अशा भाषेत मला विचारले, "म्हणजे सिस्टर, आपका विनयभंग हुआ, ऐसा आपका कहना है?" तो नागपूरचा होता, मराठी समजणारा. मी म्हटले, "माझा विनय शाबूत आहे, सर. भंग मनगटाचा झालाय." हे उत्तर उद्धटपणात धरले गेले. बेडपॅनची किंमत माझ्या पगारातून कापली, त्यामुळे ते कायद्याने माझे आहे.

उद्या ते मी सोबत नेत आहे. समितीने पुराव्यासाठी ठेवून घेतल्यास समितीचे. परत दिल्यास रत्नाकरचे, उतारवयासाठी.

३. याच चौकशीच्या वेळी कायदा पाहणारे एक म्हातारे कर्नल होते, मनाने चांगले. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावले की सहकारी अधिकाऱ्याच्या पत्नीचे प्रेम चोरले, असा आरोप ठेवायची सैन्यात पद्धत आहे. त्यावर चांगल्या चांगल्यांची नोकरी गेलेली आहे. "पर तुम तो किसी की पत्नी नहीं हो," ते हळहळून म्हणाले. "चोरी हुई, मगर मालिक नहीं है. मैं किसकी रपट लिखूं?"

हे मी उद्या समितीला शब्दशः सांगणार आहे. दर्शन-नाश्ता झालेल्या माणसांना हसू येईल. हसून झाले की मालविकेचा अर्ज आणि तक्रार अजून त्याच टेबलावर आहेत, हे सांगीन. ते सांगण्याआधी माझे काही झाले, तर दुसरे व हे तिसरे कलम डॉ. पायगुडे यांनी समितीपुढे वाचून दाखवावीत. त्यांनी हो म्हटले आहे, पण बेडपॅन हातात धरायला नकार दिला आहे.

४. नऊवारी. आईची जांभळी नऊवारी दूधविनायकाच्या हळदीकुंकू मंडळाला द्यावी, दर वर्षी कोणीतरी मागत असते. परवा छावणीतून समन्वयाचे काम पाहणाऱ्या एका तरुण मेजरचा फोन आला होता.

"मैडम, आप महाराष्ट्रियन हैं ना? कमेटी को डायवर्सिटी दिखानी है. अपनी वो धोती वाली साड़ी पहनकर आ सकती हैं? एक मणिपुरी मैडम हैं, एक पंजाबी. फोटो अच्छा आएगा."

"बेटा, हमारा घर पाँच पीढ़ी से बालाजी घाट के पीछे है. हम बनारसी हैं."

"तो बनारसी साड़ी?"

मी फोन ठेवला. छावणीच्या निमंत्रणावर माझे नाव 'श्री. शरदिनी गर्दे' असे आहे, हे त्याला सांगायचे राहून गेले. नाहीतर त्याने धोतरच सुचवले असते. मी पदके लावून, साध्या पांढऱ्या साडीत जाणार आहे.

५. रत्नाकरला माझा रेडिओ, पुस्तकांचे कपाट आणि आईच्या मंगळागौरीची चांदीची भांडी. त्याशिवाय एक वस्तू परत करायची आहे. मी नर्स झाले तेव्हा आमच्या वडिलांनी, अण्णांनी, वर्षभर माझ्याशी बोलणे टाकले होते, आणि पाठशाळेत शिकवणाऱ्या रत्नाकरने पुढे तीस वर्षे लोकांना "ताई सैन्यात डॉक्टर आहे" असे सांगितले. ती पदवी मी कधी वापरली नाही. ज्याची त्याला पोचती करावी. राग मात्र मी याच कागदावर सोडून देत आहे. लहानपणी घाटाच्या पायऱ्यांवर तो माझ्या कडेवर असे. माणूस वाईट नाही, घाबरट आहे. उद्या तो जास्त घाबरलेला असेल, तेव्हा त्याला डॉक्टरांनी एक गोळी द्यावी. मला नको.

६. सोन्याच्या पाटल्या. हे कलम लिहून खोडलेले आहे. खोडण्यावर माझी सही आहे. पाटल्या मी सुनीतीला, म्हणजे रत्नाकरच्या पत्नीला, ठेवल्या होत्या. या घरात आल्यापासून तिने रत्नाकरच्या शब्दाबाहेर काही केल्याचे मला ठाऊक नाही. मालविकेच्या तक्रारीबद्दल ती आजवर एक अक्षर बोललेली नव्हती.

आज दुपारी दुसरा साक्षीदार मिळेना. शेजारच्यांना बोलवायला रत्नाकरचा नकार होता: "घरातलं गल्लीत कशाला?" वकिलांनी सांगून ठेवले होते की ज्याला काही मिळते त्याने साक्षीला न बसलेले बरे, उद्या कोणी हरकत घेतली तर पंचाईत. मी हे मोठ्याने वाचत होते. सुनीती भाजी निवडत होती. ती पदराला हात पुसत आली.

"वन्सं, पाटल्या खोडा."

"अगं, पण त्या तुलाच..."

"खोडा म्हणते ना. मला काही मिळत नसलं म्हणजे माझी सही चालेल ना? मग पेन द्या."

रत्नाकर म्हणाला, "सुनीती, तुला कळतंय का कशावर सही करतेयस?"

"वाचता येतं मला," ती म्हणाली, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला बसली. बेडपॅनपाशी आल्यावर ती इतकी हसली की डोळ्यांना पाणी आले. मग ते पाणी थांबेना, तेव्हा आम्ही दोघे तिला तसेच बसू देऊन गच्चीवर गेलो.

पाटल्या आता मोडून त्यांतून माझा अंत्यविधी करावा, उरेल ते इथल्या नर्सिंग शिकणाऱ्या एखाद्या मुलीला द्यावे.

पुढे अपेक्षित आहे ते असे. मालविकेची गाडी उद्या पहाटे कँट स्टेशनवर येईल. समितीच्या यादीत दोघींची नावे आहेत, माझे निवृत्त म्हणून, तिचे सेवेतली म्हणून. फोनवर घरातले सगळे ऐकतात, त्यामुळे तिने मला एवढेच सांगितले आहे: तक्रार ठेवायचे ठरले तर ती गाडीतून गणवेशात उतरेल. साडीत उतरली, तर तिला सरळ घरी आणावे, चहा द्यावा, काही विचारू नये. मी एकटी जाईन. तिला आणायला सुनीती जाणार आहे. रत्नाकरने आत्ताच खाली जाऊन पहाटेची रिक्षा ठरवली. किती जणांसाठी, ते सांगितले नाही. पण त्याचा कोट बाहेर काढलेला दिसतो.

ठिकाण: दूधविनायक, वाराणसी. दिनांक: ३ नोव्हेंबर १९९८, संध्याकाळ.

लिहून देणार: शरदिनी वासुदेव गर्दे, ले. कर्नल (निवृत्त)

आमच्यासमक्ष सही झाली:

(१) डॉ. बिंदुमाधव पायगुडे, बालाजी घाट

(२) सुनीती गर्दे, कॅप्टन मालविका गर्दे हिची आई