उलटी चढणारी मोटार

वाशीम,
ता. १२ फेब्रुवारी १९३५

प्रिय हिरालाल,

त्या लाल मोटारीचे मालक आपण दोघेच, आणि तिच्याविषयी आपली तक्रारही एकच: ऐन वेळी ती दगा देते. वाशीम-रिसोड रस्त्यावर मोटार ढकलण्याचा जेवढा अनुभव तुझ्यामाझ्या पाठीला आहे तेवढा साऱ्या जिल्ह्यात कोणाच्या पाठीला नसेल. गेले तीन महिने ती माझ्या गोठ्यात पोत्याखाली झाकून उभी होती. परवा मी ते पोते काढले, म्हणून आज तुला लिहायला बसलो आहे.

मोटार घेतली ते दिवस तुला आठवतात ना? पुढे दोघांची जागा, मागे माझ्या पत्रकांचे गठ्ठे, आणि चाक असे हलके की दोन बोटांनी वळावे. उतारावर ज्वारीची ताटे दोन्ही बाजूंनी सपासप मागे जायची आणि तू माझी टोपी उडू नये म्हणून ती धरून बसायचास. मला त्या मोटारीत जेवढा आनंद झाला तेवढा टाळ्यांनीही कधी झाला नाही, हे व्यासपीठावर कबूल करण्यासारखे नाही, पण खरे आहे. पेट्रोलची टाकी मागच्या बाजूला. चढावावर तेल पुढे यायचेच नाही, म्हणून मोठा चढ आला की आपण मोटार वळवायचो आणि उलटी चढवायचो. केनवडच्या बाजारात आपण पहिल्यांदा तसे पोचलो तेव्हा भाजीच्या टोपलीमागे बसलेली हौसाबाई म्हणाली होती, "भाऊ, तुमची मोटार तं पाठ दाखवून येते. भाषन तरी तोंड दाखवून करजा." साऱ्या माळणी हसल्या. त्या हसण्यातूनच आपले काम सुरू झाले.

ते काम काय होते हे तुला सांगायला नको, तरी मी पुन्हा लिहितो, कारण तू ते विसरावेस अशी तुझी सोय मला करायची नाही. बाजाराचा ठेकेदार प्रत्येक टोपलीतून फसकी घेत होता. नावाला एक मूठ, पण त्याची माणसे दोन्ही हातांची ओंजळ भरत. वांगी, मेथी, मिरची, जे चांगले दिसेल ते वरच्यावर उचलत. पहाटे विहिरीवर मोट धरून वाढवलेली भाजी बाजारात मांडण्याआधीच उणी व्हायची. हा ठेकेदार तुझ्या जमनाबाईचा नवरा, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. मी तुला विचारलेही होते. तू म्हणालास, "बहीण एकीकडे आन् न्याय एकीकडे, भगवंता." मी ते वाक्य पुढे चार सभांत वापरले. तुझे नाव न घेता, पण अभिमानाने.

नोव्हेंबरातला तो गुरुवार. ठेका आणखी तीन वर्षे चालू ठेवायचा की फसकी बंद करायची, हे ठरवायला अधिकारी केनवडला बसणार होते. माळणींची बाजू मी मांडायची होती. मी येईपर्यंत कोणी अंगठा उठवायचा नाही, असे त्यांनी आपसांत शपथेवर ठरवले होते. मोटार त्या दिवसांत चांगली चालत होती. सैफुद्दीन मिस्त्रीने दिवाळीआधी तिचे काम केले होते आणि तेव्हापासून ती वाटेत एकदाही थांबली नव्हती. रिठदला आपण चहा प्यायलो. पाण्याचा डबा भरतो म्हणून तू मागे राहिलास. रिठद सोडून पाच मिनिटे झाली असतील, आणि चढाच्या तोंडाशी ती खोकली आणि उभी राहिली. तू वाकलास, नळीत फुंकलेस आणि म्हणालास, "तेल हाये. ठिनगीच नाही, मॅग्नेटो गेला. सैफुद्दीननं सडका माल बसवला." मी हँडल मारता मारता हाताची साल काढली. शेवटी बैलगाडीतून आपण पोचलो तेव्हा बाजार उठत होता.

हौसाबाईने अंगठा माझ्यासमोर धरला. ठेका चालू ठेवण्याच्या कागदावरची निळी शाई अजून ओली होती. मग म्हणाली, "दुपारलोक वाट पाह्यली, भाऊ. साहेब उठून राह्यले होते. ठेकेदार म्हने, तुमचा भाऊ काई येत नाही. आता हा आंगठा मी धुऊ का कापू?"

उत्तर मी पुढच्या आठवड्यात वाशीमच्या सभेत दिले. हजार माणसांसमोर मी सैफुद्दीनचे नाव घेतले. कारागिराने आपला हात ठेकेदाराला विकला, असे म्हणालो. परदेशांतल्या गद्दारांचे दाखले दिले. वाचलेले सगळे मी त्या गरीब माणसावर ओतले. तो गर्दीत उभा होता. त्याने मान खाली घातली आणि त्याच्या बायकोने, हुस्नाबानोने, त्याचा हात धरून त्याला बाहेर नेले. माझा घसा बसला तेव्हा पाण्याचा पेला कोणी पुढे केला, हिरालाल? तूच. मी पाणी प्यालो आणि पुन्हा बोलायला लागलो.

त्यानंतर सैफुद्दीनच्या दुकानात कोणी सायकलची चेनसुद्धा नेली नाही. परवा तो माझ्या दारात आला. खांद्यावर हत्यारांची पिशवी होती. म्हणाला, "भाऊ, गाव तं सोडूनच राह्यलो. एक डाव गाडी पाहू द्या. काहून बंद पडली, येवढं मालूम होऊ द्या." मला त्याला नाही म्हणायचे होते. पण त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि राग नसलेल्या माणसाशी कसे भांडायचे हे मला येत नाही. मी पोते काढले. तो मोटारीखाली गेला आणि क्षणभराने त्याने मला बोलावले. मी किती पुस्तके वाचली असतील, पण त्या मोटारीखाली कधी वाकलो नव्हतो. परवा वाकलो. पेट्रोलच्या नळीची तोटी बंद होती.

तो म्हणाला, "पयले ही हादऱ्यानं आपोआप बंद होत जाय. म्हनून तं गाडी वाटेत थांबे. दिवाळीआधी मी खीळ बसवली. खीळ हातानं उपसल्याबिगर तोटी फिरत नाही. हिरालालभाऊले दाखवली होती. तुमी तवा दुकानातल्या गिऱ्हाइकायले भाषन देऊन राह्यले होते." खीळ जागेवर नव्हती. त्याने तोटी उघडली, मी हँडल मारले, आणि ती मोटार तिसऱ्या फेऱ्याला सुरू झाली. मला आठवले, बैलगाडीत चढताना तू बंडीच्या खिशात काहीतरी टाकले होतेस. मला तो अडकित्ता वाटला होता.

मी सैफुद्दीनची माफी मागितली. तो म्हणाला, "माझी बदनामी तं हजार मान्सायपुढं झाली भाऊ, आन् माफी गोठ्यात?" एवढे बोलून तो हात पुसायला लागला.

तू जमनाबाईच्या संसारासाठी हे केलेस, हे मला कळते. माझ्या तोंडावर म्हणाला असतास की बहिणीचे घर बुडेल, येऊ नकोस, तर मी तुझ्याशी कडाडून भांडलो असतो आणि तरीही केनवडला गेलो असतो. पण तुझा मित्र राहिलो असतो. तू मोटार थांबवलीस, तेही कदाचित एखाद्या दिवशी गिळून टाकीन. पण तीन महिने एक निर्दोष माणूस माझ्या शब्दांखाली चिरडला जात होता, आणि माझ्या शेजारी बसून तू मान डोलावत होतास. मोटारीला मी उगाच दगाबाज म्हणत आलो. ती बिचारी चढावर पाठ फिरवायची, पण चढायची.

हे पत्र मी भांडायला लिहिलेले नाही. सैफुद्दीनने माझ्यासाठी जाणे एका आठवड्याने लांबवले आहे. पुढच्या गुरुवारी, एकवीस तारखेला, केनवडच्या बाजारात मी त्याच्यासोबत त्याच मोटारीतून येईन. पहिल्यांदा मी बोलेन, आणि तेवढेच बोलेन, की मी खोटा आळ घेतला. वाशीममध्येही तेच बोलेन, त्याच चौथऱ्यावर. तुझ्याकडून मला भाषण नको, कारण नको, रडणे नको. ती खीळ तू फेकली नसशील, तुझ्याच्याने कोणतीच वस्तू फेकवत नाही हे मला ठाऊक आहे. ती घेऊन ये, आणि हौसाबाईच्या देखत सैफुद्दीनच्या हातावर ठेव.

तुझाच म्हणायचे की नाही, हे गुरुवारपर्यंत राखून ठेवणारा,
भगवंत