एक कप मैदा, सतराशे ग्राम

३ नोव्हें., सोम.
प्रतिभाचा फोन, माहेरून, गोसीखुर्दकडून. आठवा लागला, बाळ पाहिजे तसं वाढून नाही राहिलं. डॉक्टरनं पडून राहायला सांगितलं. आणि हिला काळजी केकची. शेजारच्या मंदाकाकूच्या नातीचा पहिला वाढदिवस शनिवारी, शब्द देऊन गेली होती. म्हणे, "एका दिवसासाठी येतो एसटीनं." म्हटलं, तू हलू नको, मी करतो. बोलून बसलो. चहापलीकडं चुलीपाशी काही केलं नाही आजवर.

४, मंगळ.
प्र.नं सांगितलं : दीड कप मैदा, एक कप साखर, एक कप दही, अर्धा कप तेल. कोणता कप? "तो पांढरा, प्लास्टिकचा." सगळा ओटा उपसला, नाही सापडला. सूत तोलायचा काटा आहे घरी, ग्रामचा. मोबाईलवर पाहिलं, कप म्हणजे २४०. मग मैदा ३६० तोलला, साखर, दही २४०-२४०. निघाली ती वीट. सुरी चालेना.

५, बुध.
ते २४० ग्राम नव्हते, मिली होते! म्हणजे कपातली जागा. वजन वेगळं. साखरेचं २००. मैद्याचं एक जण १२० सांगतो, दुसरा १४०. कप तोच ना?
पांढरा कप रव्याच्या डब्यात निघाला. मैदा भरून तोलला, ११८. पुन्हा भरला, १३९. तिसऱ्यांदा १२७. कप तोच, मैदा तोच, मी तोच.
प्र. हसली फोनवर. "दाबून भरता काय जी? चमच्यानं हलकं हलकं टाका, वरून सुरी फिरवा."
"हलकं म्हणजे किती वं?"
"आता हे कसं सांगू फोनवर!"
लई दिवसांनी हसली.

६, गुरु.
हातमाग बंद ठेवला. भंडाऱ्याला सोनोग्राफी, प्र. आणि सासरे तिकडून आले, मी आंधळगावहून. बाळ अंदाजे सतराशे ग्राम. पोटात पाणी कमी. सोनोग्राफीच्या मॅडमला विचारलं, आतलं वजन तोलता कसं? म्हणाल्या, "तोलत नाही. डोकं, पोट, मांडीचं हाड मोजतो, त्यावरून मशीन वजन काढते. शे-दोनशे इकडंतिकडं होतात."
प्र. छताकडं पाहत होती. तिला तिथंच भरती करून घेतलं.
शे-दोनशे इकडं की तिकडं, हे विचारायचंच राहिलं. रस्ताभर तेच.

८, शनि.
केक झाला. मैद्याचा कप १२५ धरला. कायले, मलेच माहीत नाही. मधोमध थोडा बसला. मंदाकाकूनं तुकडा तोडला. "प्रतिभासारखा नाही बाबू. पण खाल्ल्या जाते." पोरीनं तोंडभर माखून घेतला. बरं वाटलं.
तेवढ्यात सासऱ्यांचा फोन. बाळाचे ठोके कमी होऊन राहिले, आत्ताच ऑपरेशन. चप्पल घातली नाही घातली, निघालो.

९, रवि.
मुलगी. काल संध्याकाळी. काट्यावर एकोणीसशे चाळीस. अंदाजापेक्षा जास्त! मी खूश, तर डॉक्टर म्हणतात कमीच आहे. काचेच्या पेटीत ठेवलं. हात माझ्या अंगठ्याएवढा. प्र. शुद्धीवर आली तशी पहिलं विचारलं, "किती भरली?" सांगितलं. ती रडली. चांगलं म्हणून की कमी म्हणून, कळलं नाही. मी पण...

१२, बुध.
वजन उतरलं. अठराशे साठ. सिस्टरला गाठलं. सिस्टर म्हणते, "पहिले उतरतेच भाऊ, मंग चढते." दूध वाटी-चमच्यानं, दहा मिली, दर दोन तासांनी. विचारलं, दहा मिलीनं किती ग्राम चढंल?
"असा हिसाब नसते भाऊ. पिऊ द्या तिले."
दुपारी प्र.ला बसवत नव्हतं, टाके ओढत होते. चमचा मी घेतला. थोडं गिळलं, थोडं ओठातून दुपट्यावर आलं. आत किती गेलं? प्र.ला विचारलं.
"झोपली ना जी? मंग पुरलं."
पुरलं का? दुपटं ओलं आहे. सकाळी पोरीला पुन्हा तोलणार.